अकरा विहिरींचे तीन अहवाल

तपासणी कोणत्याही वस्तूची असो, ती अखेर घराण्याचीच होते. मोठमोठ्या कचेऱ्यांतून बसणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून ते वस्तू तपासायला येतात आणि वस्तू तपासून परत जातात. आमच्या निगुडवाडीला मात्र ते पहिल्यापासून ठाऊक आहे. अंगणवाडीत पोरांची वजनं करायची असली की आमच्याकडं त्या दिवशी पोरांना दोन-दोन स्वेटर घालतात आणि वर तांब्याभर पेज पाजतात (महिना मे असला तरी). म्हैस आजारी पडली आणि जनावरांचे डॉक्टर यायचे ठरले, तर आधी तिच्या शिंगांना तेल लागतं. दुखणं पोटात का असेना. आशाताई रक्तदाब मोजायला आल्या, तर बायका दंड साबणानं धुऊन बसतात, आणि तरी दाब वाढलेला निघाला तर तो यंत्राचा धरतात.

यात लबाडी नाही. आलेल्या माणसाला घरातलं वाईट दाखवून त्याचं मन कशाला दुखवायचं, एवढाच भाव असतो. तेव्हा विहिरींचं पाणी तपासायचं ठरलं त्या वेळी वाडीनं जे केलं, ते रीतीला धरूनच केलं. जसं घडलं तसं लिहिते. खोटं बोलायचं नाही असा माझा नेम आहे. (एकदा मोडला. ते पुढं येईलच.)

उत्रोली मागं टाकून डांबरी सोडली आणि डोंगराच्या अंगाला वळलं की निगुडवाडी. घरं तेवीस, विहिरी अकरा, आणि विहिरींच्या काठाला लागून बसवलेले धुण्याचे दगड चौतीस. दगड आणि विहीर यांतलं सरासरी अंतर अडीच हात. शेंदलेली बादली त्याहून लांब न्यायला कंबर राजी होत नाही. धुतलेलं पाणी पुढं कुठं जातं, हा प्रश्न वाडीत कधी निघाला नव्हता. ते जमिनीत जातं. जमीन मोठी आहे.

माझा दिवस ठरलेला आहे. पहाटे अंघोळ करून विहिरीवर जायचं. पूजेचं पातळ वेगळं ठेवते मी, ते इतर कपड्यांत मिसळत नाही. ते सगळ्यांच्या आधी, दोन मुठी पावडर घालून धुवायचं. (देवाच्या कामाला हात आखडता घेऊ नये.) मग विहिरीचा एक तांब्या परसातल्या महादेवाच्या पिंडीवर घालायचा, आणि त्यानंतर चहा. बावीस वर्षं झाली, नेम चुकलेला नाही.

तर फाल्गुनातल्या एका सोमवारी, विहिरीनं तळ गाठायला सुरुवात केली होती तेव्हा, मी तांब्या वाहिला आणि पिंडीभोवती फेस धरला. पांढरा, नाजूक, कमळाच्या पाकळीसारखा. चांगला पाच मिनिटं राहिला.

संध्याकाळपर्यंत सतरा बायका दर्शन घेऊन गेल्या. त्यांची मतं गोळा झाली ती अशी. देव प्रसन्न झाला: नऊ. पाण्यात दूध उतरलं: चार. धरणाचं पाणी झिरपून आलं (धरण आमच्या खालच्या अंगाला आहे): तीन. उरलेलं एक मत आमच्या चुलतजाऊ चंद्राबाई यांचं. त्या माझ्याहून वयानं मोठ्या, राहतात शेजारी, आणि त्यांच्या मतानंतर दुसऱ्याचं मत विचारायची पद्धत नाही. त्या म्हणाल्या, "अगं रत्ना, फेस न्हाई आला तर म्हणावं पानी घान हाय. कापडाचं बघ की. फेस येतोय तवर मळ निघतोय."

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

माझी सून शेफाली कापूरहोळची. बारावीपर्यंत शास्त्र घेऊन शिकलेली. ती कडेवर बाळ घेऊन आली, वाकली, बोटावर फेस घेतला आणि नाकाशी नेला.

"आई, महादेवाला लिंबाचा वास येतोय."

मी देवाला लिंबू वाहिलं नव्हतं. लिंबू पावडरीच्या पुडीवर छापलेलं असतं.

शेफाली बाळाला घेऊन आत गेली. ती भांडत नाही, ही तिच्याशी वागण्यातली मोठी अडचण आहे. भांडणाऱ्या माणसाला समजावता येतं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिनं सांगून टाकलं. माझ्या नातीला चैत्रात सहा महिने पुरे होत होते. तोवर तिला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. (आमच्या वेळी तिसऱ्या दिवशी मधाचं बोट चाटवत आणि पाठोपाठ पाणी पाजत. आम्ही जगलो. जी जगली नाहीत, त्यांची काही तक्रार आलेली नाही.) सहा महिने झाले की उष्टावण. पहिला घास मामाच्या हातचा आणि पहिला घोट आपल्या विहिरीचा, चांदीच्या वाटीतून. ही या घरची रीत. आमच्या ह्यांचा पहिला घोट त्याच विहिरीचा, माझ्या मुलाचा, सोमनाथचाही त्याच विहिरीचा.

शेफालीचं म्हणणं एवढंच होतं, की पाणी तपासून घ्यावं. अहवाल चांगला आला तर उष्टावण इथंच, याच पाण्यावर. नाही आला, तर ती बाळाला घेऊन माहेरी जाईल आणि उष्टावण तिथं होईल. तिच्या भावाकडं भिंतीला टांगलेला फिल्टर आहे.

माझ्या नातीचा पहिला घोट हायवेच्या कडेला, भिंतीवरच्या डब्यातून. मी त्या दिवशी जपाची माळ दोनदा चुकले.

शेफालीनं कळवल्यावर पाणी तपासणारी मंडळी पुण्याहून एका संस्थेतर्फे आली. मंडळी म्हणजे प्रेरणा नावाची एकच मुलगी, स्कूटरवर. तिनं देवळाच्या मंडपात वाडीतल्या बायका जमवल्या आणि बारा बाटल्या वाटल्या. अकरा विहिरींच्या अकरा, आणि बारावी वरच्या धनगरवाड्यातल्या झऱ्याची. तिथं हैबती आणि त्याची बायको भागूबाई मेंढरं घेऊन राहतात. घोंगडी कुणी पावडरीत घालत नाही, तेव्हा झऱ्याचं पाणी निर्मळ असणार आणि तुलनेला बरं पडेल, असा तिचा हिशेब. पाण्यात धुण्याच्या पावडरीचा अंश असला तर तो कसा कळतो, तेही तिनं सांगितलं. नमुन्यात एक निळं औषध घालतात, मग दुसरं औषध घालून नळी हलवतात. अंश असला तर निळा रंग खालच्या थरात उतरतो.

तिची सूचना सोपी होती. ज्या पाण्याचा नमुना त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची आणि भरायची. "आणखी काही करू नका," असं ती हात जोडून म्हणाली.

आता आमच्याकडं 'काही करू नका' असं सगळेच पाहुणे म्हणतात. त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे लहान पोरीलाही कळतं. चहा नको म्हणणाऱ्याला आपण चहा देतो आणि जेवण नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा भात वाढतो. ती मुलगी चांगल्या घरची, भिडस्त. तिच्या तोंडून 'बाटली नीट घासून द्या' असं कसं निघेल? सबब प्रत्येकीनं आपापल्या परीनं तिचा मान राखला. चंद्राबाईंनी बाटली पावडर घालून काथ्यानं आतून-बाहेरून घासली, गरम पाण्यानं खंगाळली आणि दिवसभर उन्हात पालथी ठेवली. एकीनं वर उदाचा धूर दिला. मी दोन मुठी पावडरीत ती रात्रभर बुडवली, सकाळी धुतली, मग विहिरीच्या पाण्यानं सांगितल्याप्रमाणे तीनदा विसळली आणि भरल्यावर आत तुळशीचं एक पान सोडलं. भागूबाईंकडं पावडर नव्हती. त्यांनी ती खास खालून मागवली आणि शहरातलं माणूस प्रथमच आपल्याकडं काही मागतंय म्हणून बाटली दोनदा धुतली.

पहिला अहवाल पंधरा दिवसांनी आला. बाराही नमुन्यांत पावडरीचा अंश मर्यादेबाहेर आढळला. सर्वांत जास्त अंश झऱ्यात होता. निळा रंग नळ्यांत असा काही उतरला, की प्रयोगशाळेत कुणाला शाई सांडल्यासारखं वाटलं म्हणे.

प्रेरणा स्वतः आली. तिनं एका बाटलीचं झाकण काढून हुंगलं आणि ते पुन्हा घट्ट लावून टाकलं. मग तिनं विचारलं, बाटल्या पावडरनं कुणी धुतल्या? मग एकेकीकडून उत्तर आलं: न्हाई. यातही कुणी खोटं बोललं असं म्हणता येणार नाही. सगळ्यांत शेवटी बाटली साध्या पाण्यानंच विसळली होती, आणि माणसानं शेवटचं काय केलं तेच धरायचं असतं.

माझा नेम आड आला. मी म्हटलं, "मी तुळशीचं पान टाकलं होतं."

"पान का, काकी?"

"देवाच्या विहिरीचं पाणी परक्या गावाला जाणार. नुसतं कसं द्यायचं?"

ती हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

दुसऱ्या फेरीच्या बाटल्या झाकणाला पट्टी लावून, बंद अशा आल्या. प्रत्येकीवर छापील चिठ्ठी: 'बाटली धुऊ नये.' या चिठ्ठीनं वाडीला पेचात टाकलं. बाटलीला काही करता येणार नाही म्हटल्यावर, जे करायचं ते पाण्यालाच करावं लागणार, हे ओघानं आलंच. पहिल्या अहवालानं तर अकराही घरांची मान खाली गेली होती. आणि माझ्यापुढं तर चैत्र उभा होता. अहवाल पुन्हा वाईट आला असता, तर शेफालीनं पिशवी भरली असती.

पाहुण्यांपुढं ठेवायला आपल्याकडं धड कपबशी नसली की आपण शेजारून आणतो. तिला कुणी चोरी म्हणत नाही. पाहुणे चहा पिऊन जातात, कपबशी परत जाते. वाडीत या बाबतीत कसलीही बैठक झाली नाही, ठराव झाला नाही, कुणी कुणाशी बोललं नाही. तरी ठरलेल्या दिवशी सकाळी आठपासून अकरापर्यंत वरच्या झऱ्याच्या पायवाटेवर अकरा बायका, पदराखाली एकेक बाटली घेऊन, एकमेकींना भेटल्या.

पायवाट एका माणसाची. एक वर चढायची तर दुसरीनं खाली उतरताना करवंदीत पाय ठेवून उभं राहायचं. अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं. पहिली म्हणाली, भागूबाईंचा गुडघा दुखतोय असं ऐकलं, बघून आले. दुसरीही गुडघाच बघायला निघाली होती. तिसरीचं कारण गुडघाच. भागूबाई या डोंगरावर चाळीस वर्षं राहतात, आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला वाडीतलं एवढं माणूस एका दिवसात कधी चढलं नव्हतं. त्यांनी प्रत्येकीला तो गुडघा दाखवला आणि ताक दिलं.

मी चौथी होते. मीही गुडघाच सांगितला. नेम मोडला तो इथं.

हैबती बांधावर बसला होता. तो म्हणाला, "वैनी, माज्या बायकूचा गुडगा एवढा गाजंल असं वाटलं न्हवतं. त्या बाटलीवर वलं फडकं टाका, उनानं तापती."

मी ओलं फडकं टाकलं.

दुसरा अहवाल आला. बाराही नमुने पिण्यास योग्य. रंग नाही, वास नाही, पावडरीचा अंश नाही. नुसतं एवढंच नाही, तर क्षार, कठीणपणा, गढूळपणा, सगळं काही सगळीकडं दशांशापर्यंत सारखं. महिन्याभरापूर्वी पिण्यास अयोग्य असलेल्या वाडीनं, एकही विहीर न उपसता आणि एकही दगड न हलवता, तालुक्यात कुणी केली नसेल अशी प्रगती केली होती. आमच्या ह्यांनी देवळात नारळ फोडला. वाडीच्या तोंडाशी 'शुद्ध पाण्याची वाडी' असा फलक लावावा, अशीही सूचना आली आणि फलक कुणाच्या घरासमोर लावायचा यावर ती थांबली.

प्रेरणा कागद मांडीवर घेऊन बसली होती. "अकरा विहिरी," ती हळू म्हणाली, "कुणाची खोली वीस फूट, कुणाची चाळीस. कुठं मुरूम, कुठं काळी माती. आणि पाणी एकच. असं मी आजपर्यंत कुठं पाहिलेलं नाही."

"आमच्यात एकी हाय," चंद्राबाई म्हणाल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण या अहवालावर वाडीतल्या एका माणसानं विश्वास ठेवला, आणि ते माणूस माझ्या घरातलं होतं.

शेफालीनं अहवाल दोनदा वाचला. मग ती माझ्यापाशी आली, पदर सावरून पाया पडली आणि म्हणाली, आई, माझंच चुकलं, तुमच्या विहिरीवर उगाच शंका घेतली. तिनं भावाला मोबाईल लावला: येत्या गुरुवारी उष्टावण इथंच, विहिरीच्या पाण्यावर, पहाटेच निघून ये. चांदीची वाटी काढून तिनं चिंचेनं लख्ख घासली. त्या दिवशी माझा कसलाही उपास नव्हता. तरी तो घडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पातळ धुतलं, पिंडीवर तांब्या वाहिला, आणि फेस धरला. आधीपेक्षा दाट. तो विरायची वाट बघत मी बसले. तेवढ्यात शेफाली बाळाला घेऊन विहिरीवर आली. तिनं पोहऱ्यातलं पाणी त्या वाटीत घेतलं, काठावर बसली आणि बाळाला मांडीवर घेतलं. म्हणाली, गुरुवारी चार माणसांत रडायला नको, एक चमचा आजच देऊन सवय करते. बाळानं तोंड उघडलं. त्याला काय, जे चकाकतं ते हवं असतं.

मी जाऊन वाटी धरली.

"शेफाली, ते पाणी या विहिरीचं नव्हतं."

"कुठलं?"

"बाटलीतलं."

तिनं चमचा खाली ठेवला. बाळ वाटीकडं बघत राहिलं.

"आई, तुमी पण वर गेला होता?"

"चौथी होते मी. माझ्या आधी तिघी होत्या."

"म्हंजे अकराच्या अकरा?"

"भागूबाईंचा एकच गुडघा दुखतो," मी म्हटलं. "त्यामुळं गर्दी झाली."

शेफालीनं वाटी हळूच केळीच्या मुळाशी ओतली. मला वाटलं, आता ती पिशवी भरायला जाणार. ती काठावरच बसून होती. तिचे खांदे हलत होते. रडते असं वाटून मी पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती. हसू आवरल्यावर मात्र ती जे बोलली ते हसून नाही बोलली.

"तुमी आत्ता बोलला नसता, तर मी पाजलं असतं."

मग म्हणाली, "दादाला येऊ दे गुरवारी. कुठलं पाणी द्यायचं ते नंतर बघू. आधी तुमी बाटली भरा. माझ्यासमोर."

शेफालीनं बोलावलं म्हणून तिसऱ्या फेरीला प्रेरणा आली, ती आमच्या एका घरापुरती. पण वाडीत असं एका घरापुरतं काही होत नाही. आमच्या विहिरीचं खरं पाणी जातंय, ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडं पोहोचली आणि तिच्यावर खल झाला. रत्नाकाकींचं पाणी एकटंच गेलं आणि वाईट निघालं तर उत्तम. पण चांगलं निघालं तर? मग अख्ख्या वाडीत खरोखर चांगली म्हणून सिद्ध झालेली विहीर एकच राहील, आणि ती त्यांची असेल. हा धोका कुणालाच पत्करवेना. संध्याकाळपर्यंत प्रेरणाकडच्या अकराही बाटल्या, प्रत्येकी आपापल्या विहिरीच्या खऱ्या पाण्यानं भरून, न धुता, मंडपात आल्या. सत्य बाहेर यायला कधी कधी एवढंच कारण पुरतं.

या वेळी प्रेरणानं सोबत एक छापील प्रपत्रही दिलं. त्यात घरच्या कर्त्याचं नाव (आमच्या घरातल्यांचं नाव मी घेत नाही, म्हणून 'सावळाराम' हे शेफालीनं लिहिलं), विहिरीची खोली, दगडांची संख्या, आणि शेवटी एक रकाना: 'पाणी दूषित होत असल्यास संभाव्य कारण, कुटुंबाच्या मते'.

रकाना कुणी रिकामा सोडला नाही. अकरा कुटुंबांनी अकरा प्रपत्रं भरली आणि अकराही रकान्यांत शेजारी आले. कुणी 'शेजारचा दगड' लिहिलं, कुणी 'शेजारची पावडर', कुणी नुसतंच 'शेजारी, त्यांना विचारा'. चंद्राबाईंनी नावानिशी मला लिहिलं. सगळ्यांत वरच्या टोकाला जे घर आहे त्यांना वरच्या अंगाला शेजारीच नाही. त्यांनी 'खालचा शेजारी' असं लिहिलं. (पाणी चढत असावं.) मीही 'शेजारी' लिहिलं. चंद्राबाईंचा दगड आमच्या विहिरीपासून मोजून सात हातांवर आहे, आणि त्या पावडर किती ओततात हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

या वेळी अहवाल तातडीनं करून घेऊन प्रेरणानं बुधवारी स्वतः आणून दिला. अकरांपैकी आठ विहिरींत पावडरीचा अंश. सर्वांत जास्त आमच्या.

ती आमच्या विहिरीभोवती एक फेरी मारून आली आणि तिनं घरात नीळ आहे का विचारलं. मी नीळ दिली. तिनं ती बादलीत कालवली आणि माझ्या दगडावर ओतली, जिथं मी पातळ धुते तिथंच. मग आम्ही तिघी कठड्यावरून आत बघत उभ्या राहिलो. पाण्यावर आभाळ होतं आणि आमची तीन डोकी. थोड्या वेळानं, दगडाच्या बरोबर खाली, विहिरीच्या आतल्या बांधणीतून एक निळी धार निघाली आणि सावकाश आमच्या डोक्यांवर उतरली.

"इथं सगळ्यात आधी कोण धुतं, काकी?"

"मी. देवाचं पातळ."

"पावडर किती घालता?"

"दोन मुठी."

तिनं ते लिहून घेतलं नाही. "एका पातळाला चिमूट पुरते," ती म्हणाली. चिमटीत शुद्ध होतं, हे बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. पुडीवर तर चित्रात पूर्ण पेला दाखवतात. म्हणजे हिशेब असा निघाला, की रोज पहाटे मी देवाचं वस्त्र ज्या पाण्यात धूत होते, तेच पाणी पाच मिनिटांनी त्याच्या डोक्यावर घालत होते. त्यानं फेस दाखवला, तर वाडीनं त्याला बेल-फूल वाहिलं. देवानं आणखी किती स्पष्ट बोलायचं?

उकळून चालेल का, असं मी विचारलं. उकळल्यानं जंतू मरतात, पावडर जात नाही, असं तिनं सांगितलं. दगड विहिरीपासून पन्नास फूट लांब, खालच्या अंगाला न्यायचा. धुण्याचं पाणी नाली काढून झाडांना सोडायचं. बांधणी सांधायची, विहीर एकदा पूर्ण उपसायची आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायची.

गुरुवारी पहाटे शेफालीचा भाऊ आला. त्यानं आणि आमच्या ह्यांनी पहारीनं तो दगड उचकटला आणि केळीच्या पलीकडं लोटत नेला. मी हंडा घेऊन झऱ्यावर गेले. या वेळी बाटली नव्हती आणि पदराखाली काही नव्हतं. आधी गुडघ्याची चौकशी केली. गुडघा खरंच सुजला होता. तेल चोळून दिलं, मग पाणी भरलं.

ते पाणी उकळून, गार करून, चांदीच्या वाटीत ओतलं. मामानं घास भरवला. शेफालीनं वाटी माझ्या हातात दिली. या घरातला पहिला घोट जो दुसऱ्याच्या झऱ्याचा होता, तो मी पाजला. बाळानं तोंड वाकडं केलं, विचार केला, आणि आणखी मागितलं. मामा एकटाच कापूरहोळला परत गेला.

वाडी जेवायला होती. सगळ्यांनी झऱ्याचं पाणी मागून मागून प्यायलं. दगडाची नवी जागा बघायला लोक केळीपर्यंत जाऊन आले, चांगली केली म्हणाले, आणि हात धुऊन पानावर बसले. वाडीतले दगड आता काठावर तेहतीस आहेत. चंद्राबाईंनी दोन भांडी पाणी पिऊन पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं रत्ना, दगड हलिवलास," त्या म्हणाल्या. "आमचं पानी तुज्यामुळंच नासलं हुतं."

माझं प्रपत्र मागून घेऊन त्या रकान्यात दुरुस्ती करावी, असं मनात आलं होतं. पण छापील कागदावर खाडाखोड चालत नाही, तेव्हा तिथं अजून 'शेजारी'च आहे.

प्रेरणा जाताना एक कोरं प्रपत्र जादा ठेवून गेली आहे. ते मी तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे. हे वाचताना, मुठीनं पावडर ओतणारी एखादी बाई तुमच्याही डोळ्यांपुढं आली असेलच. ती तुमच्या घरातली नव्हती, हेही मला ठाऊक आहे. तिचं नाव तेवढं शेवटच्या रकान्यात लिहून पाठवा, म्हणजे आमचे बारा पुरे होतील.